मागची खोली कोणत्या पातीत?

देवास, ता. १६ जानेवारी १९२१

राजश्री उदाजीराव व्याही यांस जगदेवरावाचा संक्रांतीचा रामराम.

तिळगूळ टपालात घातला तर मुंग्या खातील, म्हणून नुसतं गोड बोलणं पाठवावं म्हटलं, तर आज तेही जमत नाही. तुमच्या जावयाचं आफ्रिकेतल्या मोंबाशाहून पत्र आलं आहे. यशवंता घरी यायचं म्हणतो. सात वर्षं तिकडच्या रेल्वेच्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहिला, आता डोळे जायला लागलेत. डॉक्टर म्हणतो, काचबिंदू. कडेचं दिसत नाही, समोरचं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं आणि ती नळीही बारीक होत चालली आहे. दिवाळीपर्यंत काही उरेल असं डॉक्टराला वाटत नाही. पोरगा लिहितो, "दादा, मला बाकी काही नको. विद्युल्लतेला एकदा डोळ्यांनी पाहायचंय." तो गेला तेव्हा मालन सातव्या महिन्यात होती. नाव त्यानंच तिकडून पत्रातून कळवलं, हे एवढं लांबलचक. हाक मारता मारता पोर गल्लीच्या टोकाला पोचते, म्हणून आम्ही आपले बिजली म्हणतो.

तर यावं ना लगेच! पण बोटीवर घेईनात. गेला तेव्हा काळं कुत्रं विचारत नव्हतं. आता लढाईनंतर पासपोर्ट नावाचं खूळ निघालंय. तिथल्या साहेबानं विचारलं, तू कोणाची प्रजा? हा म्हणाला, देवासची. साहेबानं बुक उघडलं तर त्यात देवास दोन. थोरली पाती की धाकटी? हा म्हणाला, गाव एकच आहे. साहेब म्हणाला, राज्यं दोन आहेत, तुझ्या दरबारचा दाखला येऊ दे.

तुम्ही धारचे, तुम्हांला एकच राजा. आमची कथा तुम्हांला काय कळणार! इथं रस्त्याच्या या अंगाला थोरल्याचा शिपाई, त्या अंगाला धाकट्याचा. आमच्या घराचा ओटा, माजघर थोरल्या पातीच्या रस्त्यावर. मागची खोली आणि परसू धाकट्या पातीच्या गल्लीत. आजवर कुणाचं काही अडलं नाही. मी थोरल्याच्या पागेत उभा जन्म काढला, विहीर धाकट्याची वापरली.

काल थोरल्या पातीच्या कचेरीत गेलो. कारकून आपल्यातलाच, चांगला बसा म्हणाला. विचारलं, मुलाचा जन्म कुठला? म्हटलं, घरातला. म्हणे, घरात कुठं? आता बाळंतीण काय ओट्यावर बसवतात? म्हटलं, मागच्या खोलीत. त्यानं लेखणी खाली ठेवली. मला सगळं गाव दाजी म्हणतं, तोही म्हणाला, "दाजी, मग तो धाकट्या पातीचा. आपण कसा दाखला द्यायचा?"

तुम्ही वकील. कायदा काय म्हणतो ते परत टपालानं लिहा. मालन आणि बिजली खुशाल आहेत. यशवंताच्या आईनं, म्हणजे जमुनाबाईंनी, टेकडीवरच्या बड्या मातेला नवस केला, मग छोटी माता रुसेल म्हणून तिलाही केला.

जगदेवराव


धार, ता. २५ जानेवारी १९२१

राजश्री जगदेवराव साहेब यांचे सेवेशी उदाजीरावाचा रामराम.

पत्र वाचून मन फार अस्वस्थ झालं. पण आपण धीर सोडू नये. कायद्यात प्रत्येक दुखण्यावर औषध आहे, फक्त ते योग्य दुकानातून मागावं लागतं.

कारकुनानं आपल्याला तोंडी नकार दिला. तोंडी नकार हा नकारच नव्हे. त्यावर अपील चालत नाही. आपण आधी धाकट्या पातीत रीतसर अर्ज करावा. ते दाखला देतील तर प्रश्नच मिटला. न देतील तर नकार लेखी मागावा. लेखी नकार हाती आला की थोरल्या पातीत तो जोडून म्हणता येईल, पाहा, हा त्यांचा नाही, म्हणजे तुमचाच. मनुष्य कोणाचाच नाही असं होऊच शकत नाही. मसुदा सोबत पाठवतो. आपण फक्त सही करावी, आणि कृपा करून कचेरीत आवाज चढवू नये. आपला आवाज पागेत शोभतो.

मालनला सांगावं की तिच्या वडिलांनी याहून मोठी प्रकरणं धसास लावली आहेत. होळीपर्यंत कागद हातात पडेल.

उदाजीराव


देवास, ता. २० मार्च १९२१

उदाजीराव, रामराम.

होळी जवळ आली, तुमचा कागद काही आला नाही. बोंब मारायला मात्र मी तयार आहे.

धाकट्या पातीच्या कचेरीत पहिल्यांदा गेलो तर मुख्य कारभारी गावी गेलेले. मग आले तर त्यांना ताप. मग ताप उतरला तर अर्जाला टिकीट चुकीचं. शेवटी अर्ज वाचला आणि म्हणतात, मुलाचा बाप चाकरी थोरल्याची करतो, घराचं तोंड थोरल्याच्या रस्त्याकडे, मग प्रजा आमची कशी? मी म्हटलं, जन्म तुमच्या हद्दीत झाला. तर तिथला कारकून काय म्हणाला ऐका. "भिया, चिमणी आमच्या झाडावर अंडं घालून गेली तर ती आमची प्रजा होते का?" सगळी कचेरी हसली. मीही हसलो, काय करणार, काम आपलं होतं.

लेखी नकार मागितला. म्हणाला, नकार द्यायचा तर अर्ज आमच्याकडे चालतो असं आधी मानावं लागेल. तो चालतच नाही, मग नकार कशावर देऊ? व्याहीबुवा, हे तुमच्या कोणत्या कलमात बसतं? मी आवाज चढवला नाही. बाहेर येऊन घोड्याच्या नावानं शिव्या दिल्या, घोडा नव्हता तरी.

पुन्हा थोरल्याकडे गेलो. ते म्हणतात, त्यांचा लेखी नकार आणा.

यशवंताचं पत्र आलं. अक्षर मोठं झालंय त्याचं, एका पानावर चारच ओळी बसल्यात. लिहितो की दुपारच्या उन्हात अजून ठीक दिसतं, संध्याकाळी भिंतीला हात लावून चालतो. मालननं पत्र वाचलं आणि भाकरी थापायला बसली. एकेक भाकरी इतकी थापली की पलीकडचं दिसेल.

जगदेवराव


धार, ता. २९ मार्च १९२१

जगदेवराव साहेबांचे सेवेशी रामराम.

आपलं पत्र मी दोन वेळा वाचलं. आता सरळ वाटेनं जाण्यात अर्थ नाही. मी एक युक्ती योजली आहे. ती आपल्या स्वभावाला पटेल.

कोणत्याही दरबाराला माणूस नको असतो, पण जमीन हवी असते. आपण थोरल्या पातीत नवा अर्ज द्यावा. त्यात लिहावं की, माझ्या मुलावर धाकटी पाती आपला हक्क सांगू पाहते, कारण माझ्या घराची मागची खोली ती आपल्या हद्दीत मोजते. तरी थोरल्या दरबारानं आपल्या प्रजेचं रक्षण करावं. नेमका असाच अर्ज धाकट्या पातीत द्यावा, फक्त नावं उलटी करून. पुढच्या माजघराचा उल्लेख तिथं जरूर करावा. मग पाहा गंमत. ज्याला कोणी दारात उभं करत नव्हतं त्याला दोघं हाताला धरून ओढतील. ज्याचा दाखला आधी येईल तो आपण इंदूरला इंग्रजांच्या एजन्सीच्या कचेरीत दाखल करू. तिथून मोंबाशाला तार जाईल.

यात खोटं काही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत.

उदाजीराव


देवास, ता. २२ एप्रिल १९२१

व्याहीबुवा, रामराम, आणि शंभर वेळा रामराम!

मानलं तुम्हांला. मुलगी तुमच्या घरची केली तेव्हा जमुनाबाई म्हणाल्या होत्या, वकिलाची आहे, घरात कज्जे होतील. आज त्यांनी स्वतः तुमच्या नावानं दृष्ट काढली.

अर्ज दिला आणि दोन्ही कचेऱ्यांत मधमाश्यांचं पोळं उठावं तसं झालं. थोरल्याचे लोक येऊन माजघर पाहून गेले. धाकट्याचे येऊन मागची खोली पाहून गेले, बाज सुद्धा पाहिली, जिच्यावर यशवंता जन्मला. जमुनाबाईंना घाम फुटला. दोघांनाही मी चहा पाजला. जो कारकून मला चिमणीची गोष्ट सांगत होता, तो म्हणाला, "दाजी, आपला माणूस परदेशात अडकलाय, दरबार स्वस्थ कसा बसेल?"

पंधरा दिवसांत दोन्ही दाखले झाले! मी आणायला गेलो तर दोन्हीकडे सांगितलं की कागद मोलाचा आहे, तुमच्या हाती कशाला, आम्हीच परस्पर इंदूरला धाडला. त्याच दिवशी, त्याच टपालानं. म्हणजे माझा टांग्याचा खर्च पण वाचला.

आम्ही दाल-बाफले केले, गल्लीला जेवू घातलं. बिजलीनं बापाला दाखवायला म्हणून परकर-पोलकं आत्ताच काढून ठेवलंय. मी म्हटलं, अगं पावसाळा आहे मध्ये. तर म्हणते, "म्हणूनच तर मी वाढत नाहीये, दाजी."

आता तारेची वाट पाहतो.

जगदेवराव


धार, ता. १९ जून १९२१

जगदेवराव साहेबांचे सेवेशी उदाजीरावाचे रामराम.

आपली तीन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही, कारण मी इंदुरात छावणीत मुक्काम करून होतो. काल धारेला परतलो. जे लिहितो ते आपण बसून वाचावं.

दोन दाखले तिथं एकाच दिवशी पोचले. एकाच मनुष्यावर दोन दरबारांनी आपापल्या शिक्क्यानिशी हक्क सांगितला. साहेबांनी दोघांना विचारलं, तुमच्यापैकी दाखला परत कोण घेतो? कोणीच घेईना. घेईल तर ती मागची खोली, किंवा ते माजघर, दुसऱ्याचं आहे असं कबूल केल्यासारखं होईल. आता प्रकरण पासपोर्टाचं राहिलेलं नाही. त्यावर हद्दीचा तंटा असा शेरा पडला आहे. हद्दीचे तंटे मोजणीवर जातात आणि मोजणी थंडीशिवाय होत नाही.

मी म्हटलं, साहेब, माणूस आंधळा होतो आहे. साहेब सभ्य आहेत. त्यांनी खुर्ची दिली, आणि म्हणाले, मला अत्यंत वाईट वाटतं.

आपण विचाराल, दाद कुठं मागायची? हाच विचार मी परत येताना टांग्यात करत होतो. धारच्या कोर्टात नाही, कारण यशवंतराव देवासचे. देवासच्या कोर्टात नाही, कारण तिथं आपल्याच दरबारावर फिर्याद होत नाही, आणि दरबार तर आपल्याच बाजूनं भांडतो आहे. मुंबईच्या हायकोर्टाला संस्थानी प्रजेचं काही ऐकायचा अधिकार नाही. वर शिमल्याला अर्ज करता येतो, पण तो ज्या कचेरीमार्फत करायचा ती ही इंदूरची कचेरी. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की हक्क आहे तिथं दाद आहे. जगदेवराव, इथं हक्क दोन दोन आहेत आणि दाद कुठंच नाही. आणि हे मी केलं. आपण सरळ हेलपाटे घालत राहिला असता तर कदाचित कुणाला कंटाळून तरी दया आली असती.

एक वाट उरली आहे. ती लिहायला हात धजत नाही, पण मुलीचा बाप म्हणून लिहितो. यशवंतराव देश सोडून गेले ते धारेहून. मालनला बाळंतपणाला पोचवायला आले, पंधरा-वीस दिवस आमच्या घरी राहिले आणि इथूनच मुंबईला गेले. मूलही धारेत जन्मलं. आपण जर लिहून द्याल की मुलगा आमच्याकडे घरजावई म्हणून राहिला होता आणि आपल्या घरावर त्याचा राहता हक्क नाही, तर धार दरबार त्यांना आपली प्रजा म्हणून दाखला देऊ शकतो. देवासच्या दोन्ही पातींचा प्रश्नच मिटतो. फक्त आपली सही हवी.

रागावू नये.

उदाजीराव


देवास, ता. २६ जून १९२१

उदाजीराव,

माझे पूर्वज पवारांच्या घोड्याबरोबर दक्षिणेतून इथं आले. माझ्या खापरपणजोबांनी या ओट्यावर भाला रोवला. माझा एकुलता एक मुलगा सासऱ्याच्या दारी घरजावई होता, त्याला बापाच्या घरात जागा नव्हती, असं मी माझ्या हातानं लिहून देऊ? आणि ते तीन दरबारांत वाचलं जाणार? अहो, लोक माझ्या तोंडावर थुंकतील. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण इतकीही नसावी.

मोजणी होऊ दे. मी दोन्ही कचेऱ्यांत रोज जाऊन बसतो. यशवंताचं ठीक आहे. डॉक्टर म्हणतो, अजून वेळ आहे.

मालन खुशाल.

जगदेवराव


देवास, ता. २१ ऑगस्ट १९२१

तीर्थरूप आबांचे चरणी मालनचा शिरसाष्टांग नमस्कार.

आबा, हे पत्र मामंजींना न सांगता लिहिते आहे. ते माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून तर चोरून लिहिताना जास्त वाईट वाटतं.

त्यांनी तुम्हांला लिहिलं की तिकडचं ठीक आहे. ठीक नाही, आबा. आषाढात पत्र आलं ते मामंजींनी आम्हांला नुसतं तोंडी सांगितलं, बरा आहे म्हणाले, आणि पागोट्याच्या घडीत ठेवलं. नागपंचमीला पागोटं उन्हात टाकताना ते पडलं. अक्षर यांचं नव्हतं. कन्नौदचा कोणी गणोजी म्हणून यांच्याबरोबर काम करतो, त्यानं लिहिलं होतं. "मिस्त्रींना आता कागदावरच्या वळी दिसत नाही सबब मी लिहितो." पुढं लिहिलं होतं की डाव्या डोळ्याचं संपलं, उजव्यानं उजेड आणि माणसाचा आकार कळतो, जवळ आलं तर चेहराही कळतो. आणि यांनी सांगितलंय, दादांनी घाई करावी, पण आईला आणि मालनला कळू देऊ नये. म्हणजे तेही लपवतात आणि हेही लपवतात, आणि मी आणि आत्याबाई दोघी काही माहीत नसल्यासारख्या जेवायला वाढतो.

मामंजी रोज सकाळी थोरल्या पातीत आणि दुपारी धाकट्या पातीत जाऊन बसतात. आता कोणी हसतही नाही, की बसाही म्हणत नाही. परवा पाऊस होता, मी म्हटलं आज राहू द्या. तर म्हणाले, "सूनबाई, मी गेलो नाही तर ते समजतील की आपल्याला गरज नाही."

तुमची घरजावयाची गोष्ट मला आत्याबाईंनी सांगितली. मामंजी ते पत्र आल्यापासून मागच्या खोलीत जात नाहीत. पण तुम्ही पुन्हा एकदा विचारा ना, आबा. मी सून आहे, मी कशी म्हणू की तुमचा मुलगा तुमचा नव्हता असं लिहून द्या? पण तुम्ही म्हणू शकता. ते तुम्हांला शिव्या देतील. तुम्ही माझ्यासाठी खा.

बिजलीचा परकर आखूड झाला. मी खाली पट्टी जोडली.

मालन


देवास, ता. १२ सप्टेंबर १९२१

राजश्री उदाजीराव व्याही यांस रामराम.

तुमचं पत्र पोचलं. लांबलचक होतं, त्यात कलम एकही नव्हतं, तेव्हाच ओळखलं की हे वकिलाचं नाही, मालनच्या बापाचं आहे. तिनं लिहिलं असेल तर तिला रागवू नका. पागोट्याची घडी उलटी बसली होती, मला तेव्हाच कळलं.

कागद सही करून सोबत पाठवतो. तुमच्या मसुद्यात होतं की "माझ्या घरावर मुलाचा राहता हक्क नाही". मी ते माझ्या हातानं लिहिलं आहे, कारकुनाला सांगितलं नाही. लिहिताना जमुनाबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, लिहा, लिहून घर जातं का कुठं? बरोबर आहे, जात नाही. पण अक्षर मात्र हे असं वेडंवाकडं आलंय. दरबाराला चालत नसेल तर कळवा, पुन्हा लिहीन.

एवढं मात्र करा. तो आला की त्याला हे सांगू नका. विचारलं तर म्हणा, मोजणी आपल्या बाजूनं झाली.

हे मी जूनमध्ये करायला हवं होतं. पण तेव्हा वाटलं, मोजणी होईल, होईल. बाकी काय लिहू.

जगदेवराव


धार, ता. १० ऑक्टोबर १९२१

जगदेवराव साहेबांचे सेवेशी.

धार दरबारचा दाखला आठवड्यात मिळाला. ओळखीचे लोक आहेत, कोणी काही विचारलं नाही. इंदूरच्या कचेरीतही या वेळी काही हरकत निघाली नाही. साहेब म्हणाले, हे आधीच का आणलं नाहीत? मोंबाशाला तार गेली. तिकडून उलट तार आली, पासपोर्ट दिला. बोट दिवाळीनंतर निघते. गणोजी सोबत येतो.

आपल्या अक्षराबद्दल दरबारात कोणी काही म्हटलं नाही. मी तो कागद हातात धरून उभा होतो तेव्हा मलाच तो वाचवेना.

धारच्या दाखल्यात त्यांचं नाव "यशवंतराव, राहणार धार" असं पडलं आहे. आपण मोठ्या मनानं घ्यावं.

उदाजीराव


देवास, ता. ११ डिसेंबर १९२१

तीर्थरूप आबांचे चरणी मालनचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे आले. मामंजी इंदूरला उतरून घ्यायला गेले होते, गणोजीभाऊ कन्नौदला निघून गेले. टांगा ओट्यापाशी थांबला तेव्हा हे मामंजींचा हात धरून उतरले, पण उतरल्यावर हात सोडला आणि एकटे चालत आले. ओट्याच्या पायऱ्या तशाच आहेत ना, पायांना ठाऊक होत्या. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. यांनी विचारलं, "आई, मोजणी कुणाच्या बाजूनं झाली?" मामंजी म्हणाले, "आपल्या." यांनी मान हलवली. मग पासपोर्ट काढून मामंजींच्या हातात दिला आणि म्हणाले, "दादा, यात माझं गाव काय लिहिलंय ते गणोजीनं मला वाचून दाखवलं आहे." यांनी वाकून त्यांचे पाय शोधले आणि धरले.

मी बिजलीला पट्टी लावलेला परकर नेसवून उभी केली होती. हे म्हणाले, "तिला उजेडात आण." मी ओट्यावर आणली. ऊन चांगलं होतं. यांनी तिचे खांदे धरले, तिला जवळ ओढलं, चेहरा अगदी चेहऱ्याला लावला. बराच वेळ. मग म्हणाले, "इथं सावली आहे वाटतं. परसात चल." ओट्यावर सावली नव्हती, आबा. मागच्या खोलीतून परसात नेली, विहिरीपाशी, तिथंही तसंच ऊन. यांनी तिला इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मी तोंडात पदर कोंबून उभी होते. मामंजी मागच्या खोलीच्या दारात येऊन थांबले होते. जूनपासून ते त्या खोलीत पाय टाकत नव्हते.

पोरीला राहवेना. तिनं विचारलं, "बाबा, मी दिसते का?"

हे म्हणाले, "दिसतेस की! आईवर गेली आहेस. कपाळ मात्र दाजींचं."

तिनं जी उडी मारली! थोरल्या पातीच्या रस्त्यानं गेली आणि धाकट्या पातीच्या गल्लीतून परत आली, घराघरांत सांगत, माझ्या बाबांनी मला पाहिलं. आल्यावर मला विचारते, "खरंच माझं कपाळ दाजींसारखं आहे का गं?" आहे, आबा. हे अंदाजानं बोलले आणि ते खरं निघालं.

यांचे हात तिच्या खांद्यावर होते तेव्हा हे बघत होते विहिरीकडे.

परवा दोन्ही पातींचे मोजणीदार साखळी घेऊन आले होते. थंडी सुरू झाली ना. मागच्या खोलीतून साखळी ओढली, आम्ही बाज उचलून वाट करून दिली.

तुम्ही संक्रांतीला याल तेव्हा बिजली तुम्हांला पहिली हीच गोष्ट सांगेल. तिला तसंच सांगू द्या. आणि आबा, मामंजींना वाटतं की यांनी हिला पाहिलं असेल, थोडं तरी, ओट्यावर. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मालन